मदत हवी आहे: ४० लिटर की ६० लिटर?

कृष्णाकाठची: तीन महिने बाहेर फिरायला चाललेय. सॅक ४० लिटरची घेऊ की ६०ची? भाऊ म्हणतो मोठी, मैत्रीण म्हणते छोटी. परवा पुण्याला जाऊन घ्यायचीय. कृपया फाटे फोडू नका, आकडा सांगा.

खंड्या: बाहेर म्हणजे कुठे? सांगलीच्या बाहेर तर जयसिंगपूरही आहे. थंडी आहे का? सॅक केबिनमध्ये नेणार की चेक-इन?

ताऱ्याखालचा_सातारकर: ६०. डोळे झाकून. मी वासोट्यापासून हिमालयापर्यंत तीच नेतो. तंबू, स्लीपिंग बॅग, स्टोव्ह, सगळं बसतं.

कृष्णाकाठची: तंबू कशाला? हॉस्टेलात राहणार आहे. व्हिएतनाम, लाओस, कंबोडिया. डिसेंबरात.

खंड्या: हे आधी सांगायचं ना! मग ४०. तिकडच्या स्वस्त विमानांत केबिनला ७ किलोच चालतात. ६०ची ट्रेकिंग सॅक रिकामीच दोन किलोच्या आसपास भरते. कपडे आठवड्याचे न्या, तिकडे किलोवर धुऊन मिळतात. फक्त हनोई आणि सा पा या डोंगरातल्या गावी गारठा असतो, तेवढ्यापुरता फ्लीस (हलका उबदार कोट) आणि पातळ जॅकेट. प्रवासात ते अंगावरच ठेवा.

बेदाणा: सॅकच कशाला? चाकाची बॅग न्या. पाठीला त्रास नाही.

खंड्या: हनोईच्या जुन्या भागात फुटपाथवर स्कूटर लावलेल्या असतात. ओढणार कुठून?

हळदगल्ली: अख्खं सुकं खोबरं चेक-इनमध्ये टाकू नका, विमानतळावर काढून घेतात. भडंग चालतं.

कृष्णाकाठची: खोबऱ्याचं कुणी विचारलंय का?

मिरजवाली: तुझी उंची किती गं?

कृष्णाकाठची: पाच फूट एक. त्याचा काय संबंध?

मिरजवाली: लिटरचं नंतर बघ, आधी पाठ मोज. मान पुढे वाकवली की मागे एक हाड वर येतं, तिथून कमरेच्या हाडांच्या वरच्या काठापर्यंत टेप लाव. सॅक त्या मापाची नसली तर कमरपट्टा पोटावर नाहीतर खाली मांड्यांवर येतो आणि सगळं ओझं खांद्यांवर. दुकानात सात-आठ किलो वजन भरायला सांग, पट्टा आवळ आणि पंधरा मिनिटं फिर. खांदे दुखले तर ती तुझी नव्हे. आणि सुटकेससारखी पूर्ण उघडणारी घे, तळातला मोजा काढायला सगळी ओतावी लागत नाही.

ताऱ्याखालचा_सातारकर: चेन उसवली की कळेल. वरून दोरीने आवळायचीच टिकते.

मिरजवाली: दादा, ती ट्रेकला. हिला हॉस्टेलात रोज उघडायचीय.

कृष्णाकाठची: पाठ ४१ सेंमी भरली. आता ४० लिटरचीच बघते, पण बायकांच्या मापात. रेनकव्हर वेगळं लागतं का?

खंड्या: डिसेंबरात मध्य व्हिएतनामात, हुए, होई आनकडे पाऊस असतो. घ्याच. शिवाय आत कचऱ्याची मोठी काळी पिशवी घाला. कव्हर पाठीकडून झाकत नाही, पाणी तिथूनच शिरतं.

ताऱ्याखालचा_सातारकर: ६०च्या बऱ्याच सॅकना कव्हर सोबतच येतं.