मदत हवी आहे: किडनीचा आजार असलेल्या मांजरीला भर उन्हाळ्यात सोलापूरहून पुण्याला न्यावे का?

नमस्कार मंडळी,

आमची मांजर कापशी तेरा वर्षांची आहे. तिला किडनीचा जुना आजार असल्याचे फेब्रुवारीत कळले. आता रक्तदाब आणि डोळे तपासण्यासाठी तिला पुण्याला न्यावे, की घरी जे उपचार चालले आहेत तेच चालू ठेवावेत, यावर आमच्या घरात एकमत होत नाही. ज्यांनी असे आजारी मांजर सांभाळले आहे, किंवा उन्हाळ्यात मांजराला घेऊन लांबचा प्रवास केला आहे, त्यांचा अनुभव मला हवा आहे. नेमके उत्तर देता यावे म्हणून सगळे सविस्तर लिहिते.

आम्ही पूर्व भागात राहतो. तिथल्याच एका यंत्रमागाच्या शेडमागे, टाकून दिलेल्या सुताच्या गुंत्यात कापशी सापडली, तेव्हा तिचे डोळेही उघडले नव्हते. सासूबाईंनी कापसाच्या बोळ्याने थेंब थेंब दूध पाजून तिला जगवले आणि नावही त्यावरूनच पडले. नसबंदी वेळेवर झाली, लसी दरवर्षी दिल्या, आणि तेरा वर्षांत तिला कधी मोठे दुखणे आले नाही. त्यामुळेच आम्ही बेसावध राहिलो, असे आता वाटते.

आमच्याकडे नळाला चार-पाच दिवसांआड पाणी येते, म्हणून न्हाणीघरात पिंपे भरून ठेवलेली असतात. दिवाळीनंतर कापशी वरचेवर पिंपाच्या काठावर बसून पाणी पिऊ लागली. वाटीतले पाणी ती मोजकेच पीत असल्यामुळे पिंपातून किती पाणी जाते आहे हे आम्हाला कळलेच नाही, आणि संक्रांतीनंतर ऊन वाढले तसे ‘गरमीने पीत असेल’ असे आम्ही धरून चाललो. वाळूच्या ट्रेमधले ओले गोळे पूर्वी लिंबाएवढे असत, ते मोसंब्याएवढे होऊ लागले होते. सकाळी पांढऱ्या फेसाची उलटी होऊ लागली आणि पाठीचा कणा हाताला लागू लागला, तेव्हा कुठे आम्ही दवाखाना गाठला. वजन ४.१ किलोवरून ३.२ किलोवर आले होते. कोणाच्या घरी उतारवयातले मांजर असेल तर त्यांनी ट्रेमधल्या गोळ्यांकडे जरूर लक्ष ठेवावे, एवढे इथेच सांगते. डॉक्टरांनी समजावले त्याप्रमाणे किडनीचे साधारण दोन तृतीयांश काम बंद पडले की लघवी पातळ होऊ लागते, आणि रक्तातले क्रिएटिनिन (किडनीने लघवीवाटे बाहेर टाकायचा टाकाऊ घटक) वाढते ते जवळपास तीन चतुर्थांश काम गेल्यावर. म्हणजे तपासणीत आजार दिसतो तेव्हा तो बराच पुढे गेलेला असतो.

फेब्रुवारीतल्या तपासणीत क्रिएटिनिन ३.४ आले. २.९ ते ५.० ही आजाराची तिसरी पायरी धरतात. फॉस्फरस ६.८ होते, या पायरीला ते ५ च्या आत असावे असे डॉक्टरांचे म्हणणे आहे. पोटॅशियमही कमी होते, त्यामुळे तिची मान पुढे झुकल्यासारखी दिसत असे. पोटॅशियमची पूड सुरू केल्यापासून मान सरळ झाली आहे. मळमळीचे औषध चालू आहे आणि एक दिवसाआड कातडीखाली १०० मिली रिंगर लॅक्टेट हे सलाईन देतो.

सलाईन देणे आम्ही घरीच शिकलो. बाटली खिडकीच्या गजाला टांगायची, नळीतली हवा काढून टाकायची, दोन खांद्यांच्या मधली कातडी चिमटीत धरून तिचा तंबू करायचा आणि त्याच्या तळाशी २० नंबरची सुई घालायची. हिवाळ्यात बाटली कोमट पाण्यात ठेवावी लागते असे सांगितले होते. आमच्याकडे आताच पारा चाळिशीपलीकडे गेल्यामुळे उलटेच झाले आहे. बाटली हाताला तापलेली लागते, म्हणून ती माठाजवळ ठेवून, दोन थेंब मनगटावर घेऊन पाहिल्याशिवाय मी सुई लावत नाही. शेजारच्या तेलुगू अक्का रोज दुपारी येऊन विचारतात, “पिल्ली (मांजर) जेवली का?” आणि सलाईनच्या दिवशी त्याच कापशीला सोलापुरी चादरीच्या घडीवर बसवून तिचे डोके आपल्या तळव्यात धरतात. पाणी आत गेले की खांद्यापाशी लिंबाएवढा फुगा येतो, हळूहळू पुढच्या पायाकडे उतरतो आणि रात्रीपर्यंत जिरतो. पहिले दोन आठवडे ती बाटली दिसताच कपाटामागे जात असे, तेव्हा माझा हात थरथरायचा. आता सुई निघाल्यावर ती अक्कांच्या मांडीवरून उतरतही नाही.

खाण्याचे मात्र अजून जमलेले नाही. किडनीच्या मांजरांसाठीचे खास कोरडे खाद्य पुण्याहून मागवले. ते हुंगून ती बाजूची फरशी पंजाने खरवडते, जणू घाण झाकते आहे. मांजर दोन-तीन दिवस उपाशी राहिले तर यकृतावर चरबी चढते, म्हणून डॉक्टरांनीच सांगितले की योग्य खाद्य खात नसेल तर जे खाईल ते द्या, पण उपाशी ठेवू नका. सध्या बिनमिठाची उकडलेली कोंबडी कुस्करून, त्यात उकडलेल्या अंड्याचा पांढरा बलक मिसळून, थोडे गरम पाणी घालून पातळ करून देते. पांढऱ्या बलकात प्रथिने असूनही फॉस्फरस फार कमी असतो. सुकट आणि कलेजी पूर्ण बंद केली आहे. ती वाटीपाशी येऊन ओठ चाटत, आवंढा गिळत परत फिरली, तर तो हट्ट नसून मळमळ असते, हे ओळखायला मला महिना लागला. खास खाद्याची सवय कोणी कशी लावली, तेही जमल्यास सांगावे.

आता मूळ प्रश्न. गेल्या आठवड्यात दोनदा रात्री कापशी पलंगाच्या पायाला धडकली. ट्यूबलाइटच्या लख्ख उजेडातही तिच्या बाहुल्या मोठ्याच राहतात. किडनीच्या आजारात रक्तदाब वाढतो आणि तो फार वाढला तर डोळ्यातला पडदा सुटून अचानक अंधत्व येऊ शकते. वेळेवर औषध मिळाले तर काही मांजरांची दृष्टी थोडीफार परत येते. वरचा आकडा १६० च्या पुढे गेला की औषधाचा विचार करतात आणि १८० च्या पुढे धोका मोठा असतो. आमच्या डॉक्टरांकडे मांजराच्या पायाला किंवा शेपटीला लावायचा लहान पट्टा आणि यंत्र नाही. न मोजता रक्तदाबाची गोळी द्यायला ते तयार नाहीत, कारण दाब नको तितका उतरला तर किडनीचेच नुकसान होईल. मला त्यांचे म्हणणे पटते.

पुणे इथून सुमारे २५० किलोमीटर आहे. पाळीव प्राणी डब्यात सोबत ठेवायचा तर रेल्वेत पहिल्या वर्गाचे पूर्ण कूपे घ्यावे लागते, म्हणून रेल्वेचा विचार सोडला. मिस्टरांचे म्हणणे असे की रात्री उशिरा गाडीने निघून मोहोळ, टेंभुर्णी, इंदापूर, भिगवणमार्गे ऊन चढण्याआधी पोहोचावे. सासूबाई म्हणतात, “या वयात त्या जिवाला पिंजऱ्यात घालून हाल करू नका, दिसत नसले तरी घर तिला पाठ आहे.” त्यांनीच तिला वाढवले आहे, त्यामुळे त्यांचा शब्द मोडणे मला सोपे नाही. माझा कल न्यावे असाच आहे, कारण नजर जाते आहे हे दिसत असताना गप्प बसणे मला जमणार नाही. भीती एकच आहे. पाच तासांच्या प्रवासाने घाबरलेल्या मांजराचा रक्तदाब तसाही चढलेला येईल, मग तो आकडा खरा कसा मानायचा?

तुमच्यापैकी कोणी असा प्रवास केला असेल तर पोहोचल्यावर तपासणीआधी किती वेळ शांत बसू दिले आणि दाब किती वेळा मोजून घेतला, ते कृपया सांगावे. प्रवासाआधी भीती कमी करण्यासाठी गॅबापेंटिन देतात असे वाचले. ते किडनीवाटेच बाहेर पडत असल्यामुळे अशा मांजरांना मात्रा कमी लागते, आणि मी ते डॉक्टरांच्या सांगण्याशिवाय देणार नाही, पण कोणाच्या मांजराला दिले असल्यास ते किती सुस्त झाले आणि नंतर खाल्ले का, हे जाणून घ्यायचे आहे. सलाईन निघण्याच्या आदल्या संध्याकाळी द्यावे की परत आल्यावर, हाही प्रश्न आहे, कारण अंगात पाणी असेल तर वाटेत तिला ट्रे लागेल आणि पिंजऱ्यात ती कधीच करत नाही.

एक विनंती आहे. माणसांच्या वेदनेच्या किंवा तापाच्या गोळ्या कृपया सुचवू नयेत. पॅरासिटामॉलची एक गोळीही मांजराच्या जिवावर उठते. काढे आणि जडीबुटीही सध्या नकोत.

पुण्याच्या डॉक्टरांनी मंगळवारी सकाळी नऊची वेळ दिली आहे. म्हणजे सोमवारी मध्यरात्रीनंतर निघावे लागेल. रविवारी संध्याकाळपर्यंत सासूबाईंना नीट समजावता येईल असे काही हाती आले तर बरे होईल. पिंजरा परवापासून उघडा ठेवून त्यात तिची जुनी चादर अंथरली आहे, आणि आज दुपारी ती आपण होऊन आत जाऊन झोपली होती.