आयावास्काच्या विधीसाठी मनाची आणि शरीराची तयारी कशी करावी?

वैदर्भी (धंतोली, नागपूर)

सर्वांना नमस्कार. येत्या ऑगस्टमध्ये मी आणि माझी एक मैत्रीण पेरूला जाणार आहोत आणि तेथे इकितोस शहराजवळच्या एका केंद्रात आयावास्काच्या, म्हणजे ॲमेझॉनच्या जंगलातील वनस्पतींपासून बनवलेल्या, मनाची जाणीव बदलणाऱ्या पेयाच्या विधीला बसण्याचा आमचा विचार आहे. वडिलांच्या निधनानंतर माझे मन जे खचले, ते अजून पुरते सावरलेले नाही. मानसोपचारतज्ज्ञांच्या सल्ल्याने एस्सिटालोप्राम ही नैराश्यावरची गोळी सुरू आहे आणि तिचा उपयोगही झाला आहे. रात्रीची झोप परत आली, कामावर लक्ष लागू लागले. तरीही जे दुःख आहे ते कुठेतरी दाबून ठेवले गेले आहे, असे मला वाटत राहते आणि त्या ओढीनेच मी या विधीविषयी बरेच वाचले.

केंद्राने पाठवलेल्या पत्रकात विधीपूर्वी दोन आठवडे पथ्य पाळावे, डुकराचे मांस, मद्य, मीठ, साखर, तिखट, आंबवलेले पदार्थ आणि शरीरसंबंध वर्ज्य करावेत, असे सविस्तर लिहिले आहे. औषधांबद्दल मात्र ‘काही दिवस आधी बंद करावीत’ एवढे एकच वाक्य आहे आणि तेच मला खटकते. सावजी रस्सा आणि तर्री पोहे काही आठवडे सोडणे मला जड जाणार नाही. पण या पथ्यातले काय शरीराच्या सुरक्षिततेसाठी आहे आणि काय परंपरेचा भाग आहे, हे समजून घेऊन ते पाळावे, अशी माझी इच्छा आहे. गोळी बंद करावी का, आणि मनाची तयारी म्हणजे नेमके काय करावे, याविषयीही ज्यांनी हा अनुभव घेतला आहे त्यांनी आणि वैद्यकीय क्षेत्रातील जाणकारांनी कृपया लिहावे.

मनोवैद्य (नागपूर)

ताई, मी मानसोपचारतज्ज्ञ आहे. तुमच्या प्रश्नांपैकी गोळीचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे, म्हणून आधी त्याविषयी लिहितो. केंद्राच्या त्या एका वाक्यावर विसंबून गोळी बंद करू नका, आणि गोळी सुरू असताना हे पेय घेऊ नका. या दोन्ही गोष्टी सारख्याच धोक्याच्या आहेत.

यामागचे कारण पेयाच्या घडणीतच आहे. आयावास्का सामान्यतः दोन वनस्पती एकत्र उकळून तयार करतात. त्यातील एक बॅनिस्टेरिऑप्सिस कॅपी नावाची वेल असून तिच्यात हार्मिन आणि हार्मालिन ही द्रव्ये असतात. दुसरी वनस्पती म्हणजे चाक्रूना नावाचे झुडूप. त्याच्या पानांत डीएमटी हे भास निर्माण करणारे द्रव्य असते. डीएमटी नुसते गिळले तर आतड्यात आणि यकृतात मोनोअमाइन ऑक्सिडेज हे विकर (एन्झाइम) त्याचे विघटन करते आणि परिणाम जवळजवळ होतच नाही. वेलीतील द्रव्ये हेच विकर काही तासांसाठी थांबवतात आणि त्यामुळे डीएमटी मेंदूपर्यंत पोहोचते. मात्र आपल्या शरीरातील सेरोटोनिन या संदेशवाहक रसायनाची विल्हेवाटही हेच विकर लावत असते. एस्सिटालोप्रामसारख्या औषधाने आधीच सेरोटोनिनचा परिणाम वाढलेला असताना हे विकर बंद पडले, तर सेरोटोनिन सिंड्रोम होऊ शकतो. अंग थरथरणे, दरदरून घाम येणे, ताप चढणे, स्नायू ताठरणे, नाडी जोरात धावणे आणि कमालीची अस्वस्थता अशी त्याची लक्षणे असतात. तीव्र झाल्यास तो जिवावर बेतू शकतो. इकितोसला रस्त्याने जाता येत नाही, तेथे विमानाने किंवा नदीनेच पोहोचावे लागते. त्यात केंद्र शहरापासून आणखी तासभर होडीच्या वाटेवर असेल, तर अतिदक्षता विभाग किती दूर असेल याचा विचार करा.

‘काही दिवस’ हा हिशेब सर्व औषधांना सारखा लागूही पडत नाही. फ्लुऑक्सेटिन या नैराश्यावरच्या दुसऱ्या औषधाचा अंश शरीरात इतका रेंगाळतो, की ते थांबवल्यानंतर मोनोअमाइन ऑक्सिडेज रोखणारे औषध देण्यापूर्वी आम्ही किमान पाच आठवडे थांबतो. एस्सिटालोप्रामसारख्या औषधांसाठी हे अंतर साधारण दोन आठवड्यांचे मानले जाते. पण खरा मुद्दा त्याही आधीचा आहे. गोळी हळूहळू कमी करणे हे काम आजाराच्या स्थितीनुसार अनेक आठवडे किंवा महिने चालते आणि त्या काळात नैराश्य परत येण्याची शक्यता असते. घरापासून हजारो मैल दूर, अनोळखी जंगलात, नैराश्य परतत असताना हा विधी करणे मला अतिशय अयोग्य वाटते. म्हणून माझे मत स्पष्ट सांगतो: ऑगस्टचा बेत पुढे ढकला. गोळी कधी आणि कशी कमी करायची, हे तुमच्या उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी तुमची प्रकृती पाहून ठरवावे. विमानाच्या तिकिटाच्या तारखेने ते ठरू नये. डॉक्टरांना विधीबद्दल मोकळेपणाने सांगा. कोणी रागावेल या भीतीने ही गोष्ट लपवणारे रुग्ण मी पाहिले आहेत आणि तेवढ्याच कारणाने त्यांचा धोका वाढलेला असतो.

इतर वाचकांसाठीही काही लिहिणे आवश्यक आहे. आपल्याकडे सर्दी-खोकल्याची औषधे घरातल्या डब्यात सहज पडलेली असतात. त्यांपैकी डेक्स्ट्रोमेथॉर्फन असलेले खोकल्याचे औषध आणि स्यूडोएफेड्रिन असलेल्या सर्दीच्या गोळ्या या पेयाबरोबर घातक ठरू शकतात. दुखण्यावर दिले जाणारे ट्रामाडॉल हेही त्याच यादीतले आहे. सायकेडेलिक, म्हणजे अशा भास निर्माण करणाऱ्या, द्रव्यांबरोबर लिथियम हे मनोविकारावरचे औषध घेतलेल्यांना झटके आल्याच्या नोंदी आहेत. स्वतःला किंवा रक्ताच्या नात्यात कोणाला स्किझोफ्रेनिया किंवा बायपोलर विकार झाला असेल, तर कितीही तयारी केली तरी या वाटेला जाऊ नये, असे मी ठामपणे सांगतो. हृदयविकार, आटोक्यात नसलेला रक्तदाब, यकृताचा आजार आणि गरोदरपण यांनाही हेच लागू आहे, कारण पेय घेतल्यावर नाडी आणि रक्तदाब दोन्ही वाढतात.

या पेयाचा नैराश्यावर उपयोग होतो का, हा प्रश्न तुमच्या मनात असणारच. ब्राझीलमधील नाताल येथे 29 रुग्णांवर झालेल्या एका नियंत्रित चाचणीत, एकाच मात्रेनंतर आठवड्याच्या शेवटी, औषधांना न जुमानणाऱ्या नैराश्यात लक्षणीय फरक दिसला होता. मी तो अभ्यास आस्थेने वाचला आहे. पण तेथे रुग्णांची कसून निवड झाली होती, आधीची औषधे वैद्यकीय देखरेखीखाली थांबवली होती आणि सारे काही रुग्णालयात घडले होते. जंगलातल्या केंद्राला त्या निष्कर्षांचा आधार घेता येत नाही.

रानवाटा (अमरावती रोड)

डॉक्टरांनी जे लिहिले आहे त्याला माझा पूर्ण पाठिंबा आहे. मी पेरूतील पुकाल्पा परिसरात शिपिबो-कोनिबो या आदिवासी समाजातील वैद्यांकडे या विधीला बसलो आहे आणि तो अनुभव माझ्यासाठी मोलाचा ठरला. त्यामुळेच तयारीविषयी काळजीने लिहावेसे वाटते.

प्रथम विधीचे स्वरूप. तो रात्री होतो. मालोका नावाच्या, पानांनी शाकारलेल्या मोठ्या खोपीत सर्वजण गाद्यांवर बसतात, प्रत्येकाजवळ उलटीसाठी बादली असते आणि पेय घेतल्यावर दिवे मालवले जातात. अर्ध्या ते एका तासात परिणाम जाणवू लागतो आणि तो चार ते सहा तास टिकतो. वैद्य इकारो नावाची गाणी गातात आणि विधीचा सारा ओघ त्या गाण्यांवरच चालतो. बहुतेकांना वांती होते, काहींना जुलाब होतात. अंधार, शेजारच्या माणसाचे रडणे, स्वतःच्या शरीरावर ताबा न राहणे आणि यातले काहीही मध्येच थांबवता न येणे, हे सर्व सोसण्याची ताकद म्हणजेच मनाची तयारी, असे माझे मत आहे.

ही ताकद वाचनाने येत नाही, बसण्याने येते. आपल्या नागपुरात माहुरझरीला धम्म नाग हे विपश्यना केंद्र आहे आणि तेथील दहा दिवसांच्या शिबिरात मौन, एकाच जागी बसणे आणि मनात उठणाऱ्या गोष्टींकडे पळून न जाता पाहणे यांचा जो सराव होतो, तो मला तेथे प्रत्यक्ष कामी आला. अर्थात विपश्यनेची शिबिरे ही कोणत्याही द्रव्याच्या विधीची पूर्वतयारी म्हणून चालवली जात नाहीत आणि गंभीर मानसिक आजार असलेल्यांना तेथेही आधी विचारणा करावी लागते. शिबिर जमत नसेल, तर रोज पहाटे घरीच ठरलेल्या वेळी शांत बसावे. अंबाझरीच्या काठाने नियमित चालणे, रात्री लवकर झोपणे आणि झोपण्यापूर्वी मोबाइल बाजूला ठेवणे, यांनीही फार फरक पडतो.

संकल्पाबद्दल थोडे सांगतो. ‘माझे दुःख नाहीसे व्हावे’ अशी मागणी घेऊन बसलो, की रात्रभर मन हिशेब करत राहते: झाले का, अजून का होत नाही? त्यापेक्षा एखादा प्रश्न बरोबर असावा आणि तो वहीत स्वतःच्या अक्षरात लिहिलेला असावा. तुमच्या बाबतीत ‘वडिलांना काय सांगायचे राहून गेले?’ हा प्रश्न होऊ शकेल आणि ताई, त्याचे उत्तर लिहायला आजच बसता येईल. त्यासाठी पेरूपर्यंत जाण्याचीही गरज नाही.

पथ्याच्या बाबतीत, टायरामिन हे द्रव्य असलेले पदार्थ टाळण्याला शरीरशास्त्राचा आधार आहे, कारण ज्या विकराबद्दल डॉक्टरांनी लिहिले तेच टायरामिनचेही विघटन करते आणि ते बंद असताना रक्तदाब एकदम चढू शकतो. जुने चीज, सोया सॉस, सुकट, खारवलेले मांस आणि आंबवलेले किंवा शिळे अन्न यात मोडते. हार्मिनचा प्रभाव तात्पुरता असल्यामुळे हा धोका हेच विकर रोखणाऱ्या जुन्या औषधांइतका नसतो, पण पाळणे सोपे आहे, मग का पाळू नये? ताजे वरण-भात, ज्वारीची भाकरी, दुधी, दोडका आणि फळे एवढ्यावर माझे उत्तम भागले. तिखट, साखर आणि शरीरसंबंध यांचे नियम परंपरेतून आले आहेत. मी ते आदराने पाळले आणि त्यांनी मन एकाग्र होण्यास मदत झाली. मीठ मात्र पूर्ण तोडू नये, विशेषतः रक्तदाबाच्या किंवा लघवीच्या गोळ्या घेणाऱ्यांनी, कारण उलट्या-जुलाबांनी शरीरातील क्षार आधीच कमी होणार असतात.

केंद्र निवडताना काही प्रश्न थेट विचारा. आरोग्याची सविस्तर विचारपूस ते करतात का? तुम्हाला आलेल्या पत्रकावरून तरी ती होत नसावी असे दिसते आणि माझ्या मते एवढ्या कारणावरूनही ते केंद्र नाकारावे. पेयात तोए मिसळतात का, हे नक्की विचारा. तोए ही आपल्याकडील धोतऱ्याच्या कुळातली वनस्पती आहे आणि तिच्यातील स्कोपोलामिनने भ्रम, भान हरपणे आणि हृदयाची गती बिघडणे असे प्रकार होतात. काही ठिकाणी शुद्धीसाठी विधीआधी तंबाखूचे पाणी पाजतात किंवा कांबो नावाचे बेडकाचे विष त्वचेवर लावतात; या दोन्हींना ठाम नकार द्यावा. अशा केंद्रांत स्त्रियांवर लैंगिक अत्याचार झाल्याच्या तक्रारीही अनेक वर्षांपासून पुढे आल्या आहेत. म्हणून सोबत विश्वासू व्यक्ती असावी, रात्री मदतीला स्त्री-सहायक असावी आणि उपचार म्हणून कोणी एकांतात बोलावले तर जाऊ नये.

नागपुरात तुमच्या घरच्या एका तरी माणसाला सगळे ठाऊक असू द्या. पेरू आपल्यापेक्षा साडेदहा तास मागे आहे. तेथे रात्री नऊला विधी सुरू झाला, तर येथे सकाळचे साडेसात वाजलेले असतात. त्या दिवशी संध्याकाळपर्यंत तुमचा निरोप आला नाही तर कोणाला फोन करायचा, हे आधीच ठरवून ठेवावे. आणि परतल्यावर लगेच कामावर रुजू होऊ नये. पहिले काही आठवडे नोकरी, लग्न, घर अशा बाबतीत कोणताही मोठा निर्णय घेऊ नये.

कायदेपंडित (सिव्हिल लाइन्स)

एक कायदेशीर बाब नोंदवतो. पेरूने 2008 मध्ये आयावास्काच्या पारंपरिक वापराला राष्ट्रीय सांस्कृतिक वारशाचा दर्जा दिला आणि ब्राझीलमध्ये धार्मिक वापराला मान्यता आहे. भारतात मात्र डीएमटी हे 1985 च्या एनडीपीएस या अमली पदार्थविरोधी कायद्याच्या अनुसूचीत आहे. त्यामुळे येथे कोणी अशा विधीचे आमंत्रण दिले, तर ते कितीही आध्यात्मिक भाषेत असले तरी स्वीकारू नये. परत येताना आठवण म्हणूनही पेयाची बाटली किंवा त्याचा अर्क सामानात आणू नये. विमानतळावर ‘तेथे हे कायदेशीर आहे’ हा बचाव चालत नाही.

वैदर्भी

आपणा सर्वांचे मनापासून आभार. मी माझ्या डॉक्टरांना भेटून सर्व सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि सध्या गोळी कमी करण्याची वेळ आलेली नाही, असे सांगितले. मी ऑगस्टचा विधी रद्द केला आहे. शोकावर काम करणाऱ्या समुपदेशकांकडे त्यांनी मला पाठवले असून रानवाटा यांनी सुचवलेला प्रश्न मी वहीत लिहिला आहे. उत्तर लिहायला सुरुवातही केली आहे. मैत्रिणीला कोणतेही औषध सुरू नाही आणि तिची आरोग्य तपासणी व्यवस्थित आली आहे. ती दुसरे केंद्र शोधत आहे. तिला विचारायचे होते, की प्रवासाच्या लसी आणि मलेरियाच्या गोळ्या यांचा विधीशी काही संबंध येतो का?

मनोवैद्य

ताई, तुमचा निर्णय वाचून फार बरे वाटले. मधल्या काळात कधी रात्री-अपरात्री मन फारच खचले, तर टेली-मानस या मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या 14416 या सरकारी क्रमांकावर मराठीतही बोलता येते.

मैत्रिणीच्या प्रश्नाविषयी. संबंध नक्कीच येतो. मलेरिया टाळण्यासाठी दिले जाणारे मेफ्लोक्विन हे औषध स्वतःच भीती, दुःस्वप्ने आणि भ्रम निर्माण करू शकते आणि त्याचा अंश शरीरात कित्येक आठवडे राहतो. म्हणून विधीची कल्पना देऊन दुसरा पर्याय लिहून घ्यावा. पीतज्वराची लस प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी सरकारमान्य केंद्रातच घ्यावी आणि तिचे प्रमाणपत्र पासपोर्टबरोबर ठेवावे, कारण पेरूहून भारतात परतताना ते नसल्यास सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात राहावे लागू शकते. लशीनंतर काही दिवस अंगदुखी आणि बारीक ताप येतो, म्हणून ती महिनाभर आधीच घेतलेली बरी.