सिक्युअर बूट बंद करू का? पेनड्राइव्हवरून लिनक्स चालूच होत नाही

पिंपळपार: नमस्कार मंडळी. मुलगी कॉम्प्युटर डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे, तिला लिनक्स हवंय. घरात लॅपटॉप एकच, विंडोज ११चा, आणि माझ्या दूध डेअरीचं टॅली त्याच्यावरच. वर्गातल्या मित्राने तिला आर्च नावाच्या लिनक्सची पेनड्राइव्ह करून दिली. लावली की 'इन्व्हॅलिड सिग्नेचर डिटेक्टेड' असा चौकोन येतो आणि पुढे काही नाही. यूट्यूबवर जो तो सांगतो, सिक्युअर बूट बंद करा. बायोसात, म्हणजे मशिन सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये गेलो तर तो पर्याय करडा, त्यावर जाताच येत नाही. कंपनीने कायमचं कुलूप घातलंय का? बंद केलं तर टॅलीला धक्का लागेल का? आणि लिनक्स कोणतं घ्यावं? जरा सावकाश सांगा, मी डॉसच्या जमान्यातला.

जुनाखोका: काका, आधी बायोसमधून बाहेर या. विंडोजमध्ये बिटलॉकर किंवा 'डिव्हाइस एन्क्रिप्शन', म्हणजे डिस्कवरच्या माहितीला घातलेलं कुलूप, चालू आहे का बघा. विंडोज ११च्या नव्या लॅपटॉपवर ते बहुधा आपोआप चालू झालेलं असतं आणि मालकाला पत्ता नसतो. सिक्युअर बूट हलवलं की विंडोजला संशय येतो आणि ते कुलूप उघडायची ४८ आकडी रिकव्हरी की मागतं. माझ्या मेव्हण्याकडे हेच झालं. की मायक्रोसॉफ्टच्या खात्यात असते, पण ते खातं दुकानदाराने घाईत स्वतःच्या मेलवर उघडून दिलेलं! तीन दिवस त्याच्या मागे फिरलो. तेव्हा की शोधा आणि वहीत लिहून ठेवा. टॅलीचा बॅकअप वेगळ्या पेनड्राइव्हवर.

आता तुमच्या कंपनीच्या कुलूपाचं. सिक्युअर बूट फक्त एवढंच बघतं, की सुरुवातीला चालणाऱ्या फाइलवर ओळखीची सही आहे का. बहुतेक मशिनांत ओळखीची म्हणजे मायक्रोसॉफ्टची. उबुंटू, फेडोरा, ओपनसुसे आणि १० व्या आवृत्तीपासून डेबियन, हे सगळे 'शिम' नावाचा छोटासा प्रोग्रॅम मायक्रोसॉफ्टकडून सही करून घेतात. शिम पुढच्याची सही तपासतो. आर्चच्या अधिकृत इमेजवर अशी सही नसते. म्हणजे लॅपटॉप ठीक आहे, पेनड्राइव्ह बदला.

सह्यकडा: सल्ला बरोबर, पण आपल्याच मशिनवर काय चालवायचं याची परवानगी मायक्रोसॉफ्टकडून का घ्यायची, हा प्रश्न कोणी विचारतच नाही. २०१२ साली विंडोज ८ आलं तेव्हा नियम असा होता, की साध्या इंटेल-एएमडी पीसीवर मालकाला सिक्युअर बूट बंद करता आलंच पाहिजे, आणि विंडोजच्या एआरएम चिपवाल्या यंत्रांवर येताच कामा नये. विंडोज १०पासून पीसीवरची ती सक्तीही गेली, निर्मात्याच्या मर्जीवर आलं. नवीन मशिन घेताना दुकानातच बायोस उघडून दाखवायला सांगा.

काका, करडा पर्याय म्हणजे कायमचं कुलूप असं नाही. काही लॅपटॉपवर आधी बायोसला सुपरवायझर पासवर्ड दिला की तो उघडतो. मात्र तो पासवर्ड विसरलात तर सर्व्हिस सेंटरची वारी.

जुनाखोका: सह्यकडा, तत्त्व मान्य. पण इथे एका लॅपटॉपवर डेअरीचा हिशेब आहे, काकांना लढाईत कशाला उतरवायचं?

सही असलेलं लिनक्सही अडलं, तर बायोसमध्ये 'थर्ड पार्टी सीए'सारखा पर्याय शोधा, म्हणजे मायक्रोसॉफ्टने इतरांच्या प्रोग्रॅमवर केलेली सही मानायची की नाही तो. २०२२नंतरच्या काही मॉडेलांत तो मुद्दाम बंद ठेवून पाठवतात, आणि शिमची सही त्याच खात्यातली. आणखी एक, ही सही ज्यावरून ओळखतात त्या मायक्रोसॉफ्टच्या २०११च्या प्रमाणपत्राची मुदत जून २०२६पर्यंतच. मुदत संपली म्हणून जुनं शिम अडत नाही, पण नव्या शिमसाठी २०२३चं प्रमाणपत्र मशिनमध्ये असलेलं बरं. ते विंडोज अपडेटमधून येतं, म्हणून आधी सगळी अपडेट करून घ्या.

चकलीभाजणी: शिकाऊ मुलीला उबुंटूची एलटीएस, म्हणजे जास्त वर्षं अपडेट मिळणारी आवृत्ती द्या, आर्च पुढे हौस म्हणून. एनव्हिडियाचं कार्ड असेल तर ड्रायव्हर टाकताना ते एक पासवर्ड ठरवायला सांगेल आणि रीस्टार्टला 'मॉक' नावाचा निळा पडदा येईल. मी घाबरून एंटर दाबलं आणि ड्रायव्हर चाललाच नाही. मॉक म्हणजे मालकाची स्वतःची सही; तिथे 'एनरोल मॉक' निवडून तोच पासवर्ड द्यायचा असतो. विंडोज पूर्ण बंद न करणारं त्याचं 'फास्ट स्टार्टअप' बंद करा, नाहीतर लिनक्समधून विंडोजच्या ड्राइव्हवर लिहिता येत नाही. मराठी इन्स्क्रिप्ट कळफलक आत आहेच.

पिंपळपार: सगळ्यांचे आभार. की माझ्याच मेलवर निघाली, वहीत उतरवली. विंडोजमधूनच ७० जीबी जागा मोकळी केली, उबुंटू बायोसला हात न लावता बसलं. टॅलीही उघडलं. पण एक घोळ: लिनक्समधून विंडोजमध्ये आलं की घड्याळ साडेपाच तास मागे. पहाटे पाचला संकलनाच्या पावत्या करायला बसलो तर टॅलीत कालची तारीख!

चकलीभाजणी: लिनक्स मशिनच्या घड्याळात ग्रीनिचची वेळ लिहितं, विंडोज तीच आपली समजतं. लेकीला सांगा, लिनक्सचं घड्याळ 'लोकल टाइम'वर ठेव. टर्मिनलमध्ये एका ओळीचं काम आहे, तिचा पहिला गृहपाठ समजा. आजच्या पावत्यांची तारीख मात्र तुम्हालाच दुरुस्त करावी लागणार.