बहुविध बुद्धिमत्ता की बहुआयामी बुद्धिमत्ता?

प्रश्न : अध्यापनशास्त्राच्या पुस्तकांत कुठे 'बहुविध बुद्धिमत्ता' असतं, कुठे 'बहुआयामी'. दोन्ही एकच का? आणि 'आंतरव्यक्ती' व 'अंतर्व्यक्ती' यांतली कुठली कोणती, याचा दर वेळी घोळ होतो.

उत्तर : सिद्धान्त एकच, पण 'बहुआयामी' वापरू नये असं माझं ठाम मत आहे. बहुआयामी व्यक्तिमत्त्व म्हणजे माणूस एक, पैलू अनेक. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ हॉवर्ड गार्डनर यांनी १९८३ मध्ये मांडलं ते वेगळंच: बुद्धिमत्ता एक नाहीच, भाषिक, तार्किक-गणिती, सांगीतिक, अवकाशीय (म्हणजे जागा, आकार, दिशा यांची जाण) वगैरे सात बुद्धिमत्ता आहेत आणि त्या बऱ्याच अंशी एकमेकींपासून स्वतंत्र आहेत. निसर्गविषयक ही आठवी नंतर आली. 'बहुविध'मध्ये हे अनेकपण टिकतं.

मात्र 'बहुविध'चाही वर्गात विपर्यास होतो. 'हा सांगीतिक बुद्धीचा, ही भाषिक बुद्धीची' असे शिक्के मुलांवर बसतात, आणि मग गाणाऱ्या मुलाकडून गणिताची अपेक्षाच कोणी ठेवत नाही. हे फार वाईट आहे. गार्डनर यांच्या मते सगळ्या बुद्धिमत्ता प्रत्येकात असतात, प्रमाण तेवढं निराळं. अध्ययनशैली, म्हणजे प्रत्येक मुलाची शिकण्याची आपली एक ठरावीक पद्धत असते, ही कल्पना वेगळी, हेही त्यांनी स्पष्ट केलं आहे. अपूर्णांक शिकवताना कागदाला घड्या घालून अर्धा, पाव, अष्टमांश करा. मग टाळीच्या एका ठोक्यात दोन, चार, आठ उच्चार बसवा. मग अर्धा आणि दोन चतुर्थांश सारखेच कसे, हे मुलांना एकमेकांना समजावू द्या. पण हे सगळं सगळ्यांनी करायचं. वाटण्या करायच्या नाहीत.

दुसरं उत्तर : 'आंतर' म्हणजे दोघांतिघांमधलं, जसं आंतरशालेय, आंतरजातीय. 'अंतर्' म्हणजे आतलं, जसं अंतर्मन, अंतर्मुख. म्हणून गार्डनर यांच्या सातांपैकी आंतरव्यक्ती म्हणजे इतरांना ओळखण्याची बुद्धिमत्ता, अंतर्व्यक्ती म्हणजे स्वतःला ओळखण्याची. बोलताना हा फरक कानाला कळतच नाही. मी 'परस्परसंबंधांची जाण' आणि 'स्वतःची जाण' असं म्हणते. पाचवीतल्या मुलालाही कळतं.

तिसरं उत्तर : मुळात 'बुद्धिमत्ता' हाच शब्द वादाचा आहे. वेगवेगळ्या बौद्धिक चाचण्यांतले गुण बहुधा एकमेकांबरोबर वरखाली होतात, हे ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ चार्ल्स स्पिअरमन यांनी १९०४ मध्येच दाखवलं होतं; म्हणजे त्यांच्यामागे एकच सामान्य बुद्धिमत्ता असावी. म्हणून अनेक मानसशास्त्रज्ञ या सात-आठांना क्षमता किंवा कौशल्यं म्हणतात. मीही वर्गात 'क्षमता'च म्हणतो. पण गार्डनर यांचा सिद्धान्त सांगताना 'बुद्धिमत्ता' हाच शब्द ठेवावा लागेल, कारण संगीताची जाण ही गणिताच्या बरोबरीने बुद्धीच आहे, हाच तर त्यांचा दावा.