प्रतिसाद: हनुवटी एका बाजूला असेल तर

लग्नाआधी फिलर (त्वचेखाली टोचतात ते जेल) भरून हनुवटी सरळ दिसेल का, असं वर ताईंनी विचारलंय. माझ्या भाचीचं तेच होतं. डेक्कनवरच्या एका क्लिनिकने बघताक्षणी पॅकेज सांगितलं (वर 'आजच बुक करा'!). दंतमहाविद्यालयातल्या सर्जननी मात्र तिला एक चपटी काडी दातांत आडवी धरायला लावली. काडी डोळ्यांच्या रेषेला तिरकी, म्हणजे वरचा जबडाच तिरका. तिथे फिलर काय करणार? आधी ब्रेसेस (दातांना तारा), मग जबड्याचं ऑपरेशन, तेही हाडाची वाढ थांबल्यावरच. ऑपरेशननंतर ओठ-हनुवटीला बऱ्याचदा बधिरपणा येतो, काहींना तो कायमचा राहतो. हे आधी स्पष्ट विचारा. सगळं मिळून दीड-दोन वर्षं सहज जातात, त्यामुळे यंदाच्या मुहूर्ताचा विचार सोडा.