अनुभव धागा : सेव्ह करायला घर गाठावे लागे तेव्हा

'ग्रँड थेफ्ट ऑटो' (जीटीए) या व्हिडिओ गेम मालिकेतील जुन्या खेळांत मनाला येईल तेथे थांबून सेव्ह करता येत नसे. मोहीम पार पडली, तरी सेफहाउस, म्हणजे खेळातले आपले घर, गाठून 'व्हाइस सिटी'त (२००२) कॅसेटच्या आणि 'सॅन अँड्रियास'मध्ये (२००४) फ्लॉपीच्या चिन्हावर उभे राहीपर्यंत ती गाठीशी जमा होत नसे. त्या वाटेवर ज्यांचे काही गेले, अशा कोल्हापूरकरांनी लिहावे.

राजारामपुरी : कॅफेतला आमचा संगणक सगळ्यांचा होता आणि सेव्हच्या जागा आठच. प्रत्येक जागेपुढे शेवटी पार केलेल्या मोहिमेचे नाव दिसे, त्यावरून आपली जागा ओळखायची. 'व्हाइस सिटी'तले सेफहाउस असलेल्या ओशन व्ह्यू हॉटेलच्या दारात पोहोचलो आणि तास संपला, की "काका, दोनच मिनिटं, घरात शिरतोय," अशी विनवणी करावी लागे. काकांना ते घर कोणते, हे कधीच उमगले नाही. पुढे मी तिसऱ्या जागेला हात न लावण्याची चिठ्ठी पडद्याला चिकटवली, तर दुसऱ्या दिवशी नेमकी तीच जागा कोणीतरी वापरलेली होती.

शिवाजी पेठ : भारनियमनाचे वेळापत्रक मला शाळेच्या वेळापत्रकापेक्षा पाठ होते, कारण घरी यूपीएस नव्हता. 'व्हाइस सिटी'त पहिले पैसे हाती येताच मी बंदुका घेतल्या नाहीत, आठ हजार डॉलरांचे 'एल स्वांको कासा' घेतले. सेव्ह करायला जवळ घर असणे हीच माझ्या लेखी खरी श्रीमंती होती. एकदा सेव्ह केले की खेळातले घड्याळ सहा तास पुढे सरके, तेवढे मात्र आमच्या विजेला जमत नसे.

शाहूपुरी : मला त्या दिवसांचे कौतुक नाही. 'जीटीए ५'मध्ये (२०१३) खेळातल्या फोनवरून सेव्ह करता येते आणि तेच बरे आहे.

कसबा बावडा : संगणक फॉरमॅट करणाऱ्याने "डी ड्राइव्हला धक्का लावत नाही," असे सांगितले, तेव्हा आम्ही निर्धास्त झालो, कारण खेळ डी ड्राइव्हवरच होता. सेव्हच्या फाइली मात्र सी ड्राइव्हवर 'माय डॉक्युमेंट्स'मध्ये असतात, हे घरी कोणालाच ठाऊक नव्हते. खेळ चालू केला, तर आठही जागा रिकाम्या. दादाने दोन दिवस माझ्याशी अबोला धरला, कारण संगणक हळू चालतो अशी तक्रार बाबांकडे मीच केली होती.