सरकारनंच शाळांना कुलूप लावलं? प्रिन्स एडवर्ड काउंटीबद्दल विचारायचं होतं

मांडवीची_आई:
लेक नववीत आहे, तिच्यासोबत अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या चळवळीचं वाचतेय. पोलिसांची कुत्री, पाण्याचे फवारे हे माहीत होतं पण व्हर्जिनिया राज्यातल्या या काउंटीनं (म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारखं) १९५९ मध्ये सगळ्या सरकारी शाळाच बंद करून टाकल्या हे वाचून डोकंच चालेना. कोर्ट म्हणतं काळी-गोरी मुलं एकत्र बसवा आणि हे शाळाच बंद करतात? करता येतं असं?

रावपुरा_जुना:
केलं ना ताई, तेही नियमात बसवून. १९५४ च्या ब्राउन निकालात, म्हणजे काळ्या-गोऱ्यांच्या वेगळ्या सरकारी शाळा घटनाबाह्य ठरवणाऱ्या अमेरिकन सुप्रीम कोर्टाच्या निकालात, या काउंटीचीही केस होती, १९५१ मध्ये १६ वर्षांच्या बार्बरा जॉन्सनं शाळेच्या गळक्या शेड्सविरुद्ध पोरांचा संप घडवला त्यातून निघालेली. मग व्हर्जिनियाचे सिनेटर हॅरी बर्डनी सर्व ताकदीनं विरोध करायचं ठरवलं, १९५६ ला दक्षिणेतल्या १०१ खासदारांनी निकालाविरुद्ध जाहीरनामा काढला. काउंटीनं शाळांसाठीचा करच लावला नाही. पैसाच नाही तर शाळा कुठून चालणार. गोऱ्या मुलांसाठी खाजगी शाळा निघाली, त्यांच्या फीला सरकारी ग्रँट पण मिळाली. सुप्रीम कोर्टानं १९६४ ला हे हाणून पाडलं, तोवर पाच वर्षं गेली.

कारेलीबाग_वाचक:
मला तिथल्याच मिसिसिपी राज्याचं जास्त लागतं. तिथल्या सरकारनं १९५६ मध्ये खास कमिशन नेमलं आणि लोकांच्याच टॅक्सच्या पैशातून चळवळीतल्या माणसांवर पाळत ठेवली, खबरे पेरले. गुंडाविरुद्ध निदान पोलिसात जाता येतं, इथे जायचं कुणाकडे?

सयाजीगंज_७२:
लेकीला आपल्या बडोद्याचंही सांगा. सयाजीराव महाराजांनी १९०६ मध्ये संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, बाबासाहेबांना अमेरिकेत शिकायला स्कॉलरशिप दिली, आणि तेच १९१७ ला इथे नोकरीला आले तर त्यांना राहायला खोली मिळेना. वरून हुकूम चांगला होता, पण कचेरीतल्या आणि गल्लीतल्या माणसांनी तो चालू दिला नाही. संकल्पभूमीला, बाबासाहेबांच्या इथल्या स्मारकाला, घेऊन जा तिला एकदा.

मांडवीची_आई:
रविवारीच जातो. पण त्या पाच वर्षांतल्या मुलांचं काय झालं हो?

रावपुरा_जुना:
काहींना आईबापांनी दुसऱ्या गावी नातेवाईकांकडे पाठवलं, काही चर्चच्या तळघरात थोडंफार शिकली, बऱ्याच जणांचं शिक्षण सुटलं ते सुटलंच. २००४ मध्ये व्हर्जिनियानं त्यांच्यासाठी स्कॉलरशिप काढली. तोवर ती साठीच्या आसपास आली होती.